डेनिंगचं वगळलेलं वाक्य

संध्याकाळचे सात वाजलेत, तरी लंडनमध्ये लख्ख ऊन आहे. युद्धामुळे घड्याळं दोन तास पुढे सरकवलेली, त्यामुळे सूर्य मावळायला दहा वाजून जातील. तारीख ४ जुलै १९४२. सेंट जेम्स पार्कच्या कडेने चालत तुम्ही ॲडमिरल्टीला, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयाला, खेटून उभ्या असलेल्या काँक्रीटच्या अवजड इमारतीपाशी येता. हिला सगळे ‘सिटाडेल’ म्हणतात. वर बॉम्ब पडले तरी आतलं काम थांबू नये, एवढ्याच हेतूने बांधलेली. पहारेकरी पास उलटसुलट करून बघतो. तुम्ही आत जाता, खाली उतरता आणि पुढचे काही तास दिवस आहे की रात्र हे फक्त घड्याळावरून कळणार असतं.

खाली तंबाखूचा धूर आहे, टेलिप्रिंटरचा खडखडाट आहे, मोठाल्या टेबलांवर पसरलेले समुद्राचे नकाशे आहेत. हे नौदलाचं ‘ऑपरेशनल इंटेलिजन्स सेंटर’. ब्लेचली पार्कमध्ये उकललेले जर्मन संदेश, शत्रूचा रेडिओ कुठल्या दिशेने बोलला त्याच्या नोंदी, विमानांनी काढलेले फोटो, नॉर्वेच्या किनाऱ्यावरून हेरांनी पाठवलेल्या बातम्या, आपल्याच पाणबुड्यांचे अहवाल, सगळं इथे येऊन एकाच नकाशावर बसतं. तुमचं काम साधं आहे. टेलिप्रिंटरमधून कागद बाहेर आला की फाडायचा आणि पलीकडच्या टेबलावरच्या कमांडर नॉर्मन डेनिंगच्या हातात द्यायचा. सगळे त्याला नेड म्हणतात.

एक विनंती आहे. या रात्रीचा शेवट तुम्ही कुठे वाचला असेल, तर तो आता विसरा. शेवट माहीत असलेल्या माणसाला इथल्या प्रत्येक चेहऱ्याचा न्याय करणं फार सोपं जातं आणि त्यामुळे इथे नेमकं काय बिघडलं ते त्याला दिसतच नाही.

डेनिंग नौदलाच्या हिशेब-पुरवठा शाखेतला. जहाज चालवणाऱ्या, तोफा डागणाऱ्या शाखेतला नाही. नौदलात ही गोष्ट लहान नाही. १९३७ साली या केंद्राची घडी त्याने जवळजवळ एकट्याने बसवायला घेतली. आता जर्मनांची मोठी लढाऊ जहाजं कुठे आहेत आणि पुढे काय करतील हे ओळखणं त्याच्याकडे आहे. पलीकडच्या खोलीत पाणबुड्यांचा माग काढणारा रॉजर विन बसतो. तो पेशाने वकील. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे पाठ वाकलेली, पाय ओढत चालतो. साक्षीदाराच्या जबानीतलं खरंखोटं निवडायची सवय असलेला हा माणूस जर्मन पाणबुड्यांच्या कप्तानांचं मन ओळखू लागला आहे.

सैन्यदलाचं किंवा हवाईदलाचं मंत्रालय आघाडीवरच्या सेनापतीला माहिती पुरवतं आणि लढाई त्याच्यावर सोपवतं. ॲडमिरल्टीचं तसं नाही. ती मंत्रालयही आहे आणि मुख्यालयही. समुद्रावरच्या जहाजांना ती इथूनच थेट हुकूम देऊ शकते. म्हणजे माहिती जमवणारा आणि हुकूम देणारा एकाच आवारात, अंतर फक्त काही जिन्यांचं. सोयीचं वाटतं ना? टेलिप्रिंटर गप्प आहे तोवर शेजारच्या जुन्या इमारतीत जाऊन या. तिथवर चालायला पाच मिनिटं पुरतील, फक्त वाटेत २६ वर्षं मागे जावं लागेल.

३१ मे १९१६. खोली क्रमांक ४०. इथे भाषांचे प्राध्यापक आणि विद्वान जर्मन नौदलाचे संदेश उकलत बसले आहेत. नौदलाच्या कारवाई विभागाचा प्रमुख, कॅप्टन टॉमस जॅक्सन, दारात येतो. या मुलकी मंडळींबद्दल त्याला फारसा आदर नाही. ‘डीके’ हे कॉल-साइन कुठे आहे, एवढंच तो विचारतो. उत्तर मिळतं, जाडे नदीच्या मुखाशी, बंदरात. तो वळतो आणि निघून जातो. तुम्ही त्या खोलीतल्या माणसांकडे बघा. त्यांना ठाऊक आहे की जर्मन ॲडमिरल श्येअर समुद्रावर निघताना हे कॉल-साइन बंदरातल्या केंद्राला देऊन जातो आणि स्वतः दुसरं वापरतो. जॅक्सनने विचारलं असतं की जर्मन ताफा निघाला आहे का, तर त्यांनी हो म्हटलं असतं. त्याने ते विचारलं नाही. दुपारी ब्रिटिश ताफ्याचा सेनापती ॲडमिरल जेलिकोला कळवण्यात आलं की जर्मन सेनापतीचं जहाज अजून बंदरात आहे. आणि काही तासांतच जटलंडच्या समुद्रात तोच ताफा ब्रिटिशांसमोर उभा राहिला. त्यानंतर जेलिकोचा ॲडमिरल्टीच्या खबरींवरचा विश्वास उडाला तो उडालाच. त्याच रात्री जर्मनांच्या परतीच्या मार्गाची खरी बातमी त्याला मिळाली, पण तिच्यावर त्याने भिस्त ठेवली नाही. आणि तिला पक्का दुजोरा देणारा उकललेला संदेश तर ॲडमिरल्टीतून त्याच्यापर्यंत पोचलाच नाही.

आता परत या. टेलिप्रिंटर सुरू झाला आहे.

ब्लेचलीत काल दुपारपासून आज दुपारपर्यंतच्या चोवीस तासांच्या संदेशांची किल्ली सापडली आहे. एकामागून एक कागद येतात, तुम्ही फाडता, डेनिंग वाचतो. २७ जूनला आइसलंडहून ३५ व्यापारी जहाजांचा ‘पीक्यू १७’ हा काफिला रशियाकडे निघाला आहे. पोटात रणगाडे, विमानं, ट्रक. सोबत कमांडर जॅक ब्रूमच्या विनाशिका. थोड्या अंतरावर रिअर ॲडमिरल हॅमिल्टनची चार क्रूझर जहाजं, त्यांतली दोन अमेरिकन. मुख्य ताफा घेऊन ॲडमिरल टोव्ही कितीतरी मागे, पश्चिमेला. आणि नॉर्वेच्या उत्तर टोकाच्या एका खाडीत जर्मनीची सगळ्यात मोठी युद्धनौका, टिरपिट्झ. तिच्या १५ इंची तोफांसमोर हॅमिल्टनच्या ८ इंची तोफांचा निभाव लागणार नाही.

कागद सांगतात की टिरपिट्झ आज सकाळी ९ वाजता आल्टा फ्योर्डमध्ये आली. सोबतच्या विनाशिकांना आणि टॉर्पेडो बोटींना ताबडतोब इंधन भरून घ्यायला सांगितलं आहे. ‘ॲडमिरल श्येअर’ ही दुसरी मोठी नौका तिथे आधीच आहे.

हे झालं कागदावरचं. डेनिंगचं खरं काम इथून पुढे सुरू होतं आणि ते तुम्ही जवळून बघायला हवं. तो कागदावर नसलेलं वाचतो आहे. टिरपिट्झ निघाली असती तर काफिल्याभोवतीच्या जर्मन पाणबुड्यांना सावध केलं गेलं असतं की आपली जहाजं येताहेत, चुकून टॉर्पेडो सोडू नका. तसा संदेश नाही. मोठं जहाज समुद्रावर असलं की किनाऱ्यावरून त्याच्यासाठी रेडिओवर वर्दळ वाढते. मार्चमध्ये टिरपिट्झ अशाच एका काफिल्यामागे निघाली तेव्हा ती वर्दळ याच खोलीत ऐकू आली होती. आज ती नाही. नॉर्थ केपच्या बाहेर आपल्या पाणबुड्या टपून आहेत, त्यांना काही दिसलेलं नाही. शिवाय ब्रिटिशांची मोठी जहाजं कुठे आहेत याबद्दल जर्मनच अजून गोंधळात आहेत, आणि ते कळेपर्यंत आपली ही लाखमोलाची नौका ते धोक्यात घालणार नाहीत. गुप्त टेलिफोनवरून डेनिंग ब्लेचलीत हॅरी हिन्स्लीशी बोलतो. हिन्स्ली विशी नुकतीच ओलांडलेला, केंब्रिजमधून इतिहास शिकता शिकता इकडे आलेला. त्याचंही मत हेच पडतं.

डेनिंग हॅमिल्टन आणि टोव्ही यांच्यासाठी संदेशाचा मसुदा लिहू लागतो. टिरपिट्झ सकाळी आल्टा फ्योर्डला पोचल्याची बातमी. खाली आपला निष्कर्ष, की सगळ्या चिन्हांवरून ती अजून निघालेली नाही.

इतक्यात दार उघडतं. फर्स्ट सी लॉर्ड, म्हणजे नौदलप्रमुख, ॲडमिरल सर डडली पाउंड आत येतात. सगळे उठून उभे राहतात. पाउंड फार बोलत नाहीत. मसुदा बघतात. त्यात बातमी राहते, निष्कर्षाचं वाक्य वगळलं जातं. ७ वाजून १८ मिनिटांनी संदेश जातो. हॅमिल्टनला आता एवढंच कळणार आहे की टिरपिट्झ आली, तिच्या विनाशिका इंधन भरताहेत. समुद्रात उभ्या असलेल्या सेनापतीने या दोन वाक्यांचा अर्थ काय लावावा? ती निघाली, हाच.

त्या वाक्यात अंदाज होता, पुरावा नव्हता, म्हणून ते काढलं असं समर्थन करता येईल. मला ते पटत नाही. पाच वर्षं शत्रूच्या जहाजांच्या सवयी रोज न्याहाळणाऱ्या माणसाचा अंदाज हीसुद्धा माहितीच असते, आणि अनेकदा सुट्या बातम्यांपेक्षा मोलाची. बातमी कुणीही वाचू शकतं. बातमी न येण्याचा अर्थ फक्त डेनिंग सांगू शकत होता.

साडेआठच्या सुमाराला पाउंड पुन्हा खाली येतात. या वेळी डेनिंगच्या चेहऱ्याकडे बघा. प्रश्न येतात ते सगळे हो किंवा नाही अशा उत्तरांचे. टिरपिट्झ निघाली का, ती अजून नांगर टाकून उभी आहे याची खात्री देता येईल का? डेनिंग प्रामाणिक आहे. ती निघाल्यावर काही तासांत आपल्याला कळेल, पण ती निघालेली नाही असं आपल्याला कळवणारा संदेश कधीच येणार नाही, असं तो सांगतो. पाउंड यातून एवढंच घेऊन जातात की खात्री नाही. ‘तुला काय वाटतं, आणि का वाटतं?’ हा प्रश्न ते विचारत नाहीत आणि खालच्या हुद्द्याचा, हिशेब शाखेचा डेनिंग न विचारता नौदलप्रमुखांना तो सविस्तर ऐकवत नाही. नंतर पाउंड पलीकडे विनच्या खोलीत डोकावतात. पाणबुड्यांची परिस्थिती गंभीर आहे, असं विन सांगतो. म्हणजे काफिला पांगवला, तर विखुरलेल्या जहाजांवर काय ओढवेल हेही याच तळघरात ठाऊक होतं.

ते जातात न जातात तोच, ८ वाजून ३१ मिनिटांनी, टेलिप्रिंटरमधून आणखी एक कागद येतो. आज सकाळी साडेअकराला जर्मन पाणबुड्यांना पाठवलेला संदेश. कारवाईच्या क्षेत्रात आपली कोणतीही जहाजं नाहीत, असं त्यांना कळवलं आहे. डेनिंग तो दोनदा वाचतो. निदान दुपारपर्यंत टिरपिट्झ त्या समुद्रात नव्हती, याचा हा लेखी दाखला. तो नवा मसुदा तयार करतो. केंद्राचे प्रमुख रिअर ॲडमिरल जॉक क्लेटन तो घेऊन वर बैठकीला जातात. डेनिंगला बैठकीचं बोलावणं नाही.

तुम्ही मात्र जा. पाउंड टेबलाभोवती एकेकाला मत विचारताहेत. त्यांच्या जागी क्षणभर स्वतःला ठेवून बघा. टिरपिट्झ सकाळीच निघाली असली तर मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमाराला ती काफिल्यावर पोचेल. उत्तरेला बर्फ आहे, त्यामुळे जहाजांना पांगायला जागा कमी कमी होत चालली आहे. पांगवायचंच असेल तर आत्ताच. टोव्हींनी पूर्वीच बजावलं आहे की काफिला पांगवणं म्हणजे सरळसरळ कत्तल. पाउंड खुर्चीत मागे रेलून काही क्षण डोळे मिटतात, मग निर्णय देतात. पुढल्या वर्षी, २१ ऑक्टोबर १९४३ ला, हा माणूस मेंदूतल्या गाठीने मरण पावणार आहे आणि पुष्कळ जण या रात्रीचा दोष त्या आजारावर टाकतील. मला ते सोयीस्कर वाटतं. त्यामुळे माणूस सुटतो आणि व्यवस्थाही सुटते. जिन्याखाली बसलेल्या माणसाचं म्हणणं जिन्यावर पोचेपर्यंत निम्मं होतं, हा दोष निरोगी डोक्यातही राहिला असता.

९ वाजून ११ मिनिटं. पहिला संदेश: क्रूझर जहाजांनी पूर्ण वेगाने पश्चिमेला परतावं. ९ वाजून २३. दुसरा: शत्रूच्या मोठ्या जहाजांच्या धोक्यामुळे काफिल्याने रांगा सोडून रशियन बंदरांकडे जावं. मग कुणाच्या तरी लक्षात येतं की या हुकमाने जहाजं रांग सोडतील खरी, पण एकाच दिशेला घोळक्याने जातील. म्हणून ९ वाजून ३६ ला तिसरा, दुसऱ्याची दुरुस्ती करणारा: काफिल्याने चारी दिशांना पांगावं. त्यावर ‘अत्यंत तातडीचा’ असा शिक्का.

आता ‘केपेल’ या विनाशिकेच्या ब्रिजवर ब्रूमशेजारी उभे राहा. इथे रात्र नाहीच, सूर्य क्षितिजावर आहे. सकाळी अमेरिकन जहाजांनी आपल्या स्वातंत्र्यदिनासाठी नवे कोरे झेंडे चढवले होते. दिवसभरच्या हल्ल्यांत तीन जहाजं निकामी झाली, तरी काफिल्याने शिस्त सोडलेली नाही. उलट माणसांना हुरूप आहे. ब्रूमला ब्लेचली ठाऊक नाही, उकललेले संदेश त्याच्यापर्यंत येऊ द्यायचे नाहीत असाच नियम आहे. त्याच्या हातात पंचवीस मिनिटांत तीन संदेश पडतात, पहिल्यापेक्षा शेवटचा जास्त भेदरलेला. तिसरा ही कारकुनी दुरुस्ती आहे हे त्याला कसं कळणार? टिरपिट्झच्या डोलकाठ्या आता क्षितिजावर दिसणार, असं त्याला वाटतं. सव्वादहाला तो झेंड्यांनी इशारा चढवतो. काफिल्याचे प्रमुख डाउडिंग यांचा त्यावर विश्वास बसत नाही, जवळ जाऊन तोंडी सांगावं लागतं. मग ब्रूम आपल्या सहा विनाशिका घेऊन हॅमिल्टनकडे धावतो, कारण लढाई होणार तर ती तिकडे. व्यापारी जहाजं एकेकटी पांगतात.

त्याच वेळी सिटाडेलमध्ये क्लेटन परत आले आहेत. निर्णय झाला आहे, म्हणतात. डेनिंग आणि विन दोघं त्यांच्याशी वाद घालतात. क्लेटनना पटतं. रिअर ॲडमिरल असूनही ते पुन्हा जिना चढतात, पाउंडना पुन्हा सांगून बघतात आणि तसेच खाली येतात. हुकूम फिरवणार नाहीत.

टिरपिट्झ तेव्हा आल्टा फ्योर्डमध्येच होती. ती दुसऱ्या दिवशी, ५ जुलैला, निघाली आणि काफिल्याच्या आसपासही न जाता त्याच रात्री मागे फिरवली गेली. एकट्यादुकट्या जहाजांना पाणबुड्यांनी आणि विमानांनी टिपलं. पीक्यू १७ मधली २४ जहाजं बुडाली, १५३ खलाशी मेले. ४३० रणगाडे, २१० विमानं आणि ३ हजारांवर वाहनं बर्फाळ पाण्याच्या तळाशी गेली. ‘आयरशायर’ या लहानशा शस्त्रसज्ज ट्रॉलरचा कप्तान लिओ ग्रॅडवेल, तोही विनसारखाच वकील, तीन व्यापारी जहाजं घेऊन सरळ बर्फात घुसला, त्यांना पांढरा रंग फासला आणि तिन्ही वाचवली. ॲडमिरल्टीचा हुकूम त्यालाही मिळाला होता. पांगल्यावर काय करायचं ते त्याने स्वतः ठरवलं.

आता आणखी एकदा त्याच तळघरात या. २६ डिसेंबर १९४३ ची पहाट. बाहेर युद्धातला पाचवा नाताळ नुकताच सरलाय. पाउंडच्या खुर्चीत आता अँड्र्यू कनिंगहॅम आहेत. पुन्हा तोच उत्तरेचा समुद्र, पुन्हा रशियाकडे जाणारा काफिला, आणि आल्टा फ्योर्डच्या बाजूला या वेळी शार्नहोर्स्ट ही जर्मन युद्धनौका. ब्लेचलीतून आलेले तुकडे या वेळीही अर्धवट आहेत. एका गस्ती नौकेला सूचना दिली आहे की संध्याकाळी सहापासून शार्नहोर्स्ट बाहेर जाईल. ती खरोखरच गेली, असं सांगणारा संदेश नाही. ती समुद्रावर आहे, असं डेनिंगचं मत पडतं.

साडेतीनच्या सुमाराला तुमच्या हातातला कागद समुद्रावरच्या ब्रिटिश ताफ्याचा सेनापती ॲडमिरल सर ब्रूस फ्रेझरकडे रवाना होतो. त्यात लिहिलं आहे की ॲडमिरल्टीच्या मते शार्नहोर्स्ट समुद्रावर आहे. मत. तेच, जे दीड वर्षापूर्वी खोडलं गेलं. आणि त्यापुढे हुकूम नाही. काफिला कुठे न्यायचा, जहाजं कशी हलवायची, हे लंडन सांगत नाही.

‘ड्यूक ऑफ यॉर्क’ या युद्धनौकेवर फ्रेझर तो कागद वाचतो. वादळ आहे, अंधार आहे, आणि आपली क्रूझर जहाजं व काफिला नेमके कुठे आहेत हे त्यालाही नीट माहीत नाही. रेडिओ वापरला तर शत्रूला आपला सुगावा लागेल. तरीही चारच्या सुमाराला तो मौन मोडतो आणि दोघांना आपापला ठावठिकाणा कळवायला सांगतो. हा धोका पत्करायचा की नाही, हे फक्त तोच ठरवू शकत होता, आणि ठरवायला लागणारं सगळं त्याच्या हाती होतं. त्या दिवशी संध्याकाळी पावणेआठला शार्नहोर्स्ट बुडाली. तिच्यावर १,९६८ माणसं होती. ब्रिटिश विनाशिकांनी पाण्यातून ३६ जणांना वर घेतलं. काफिल्यातलं एकही जहाज गेलं नाही.